४,२९,४९,६७,२९७ आणि आपलं जुनं भांडण

प्रिय मध्या,

तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. परवा वर्गात एका पोरीनं असं काही विचारलं, की तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

फळ्यावर आपली लाडकी होती: ४,२९,४९,६७,२९७. दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक. दोनाचा घात १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत न्यायचा आणि एक मिळवायचा, असं हे घराणं. त्यातल्या आधीच्या पाच, ३, ५, १७, २५७, ६५५३७, सगळ्या मूळ. तेवढ्यावर १६४० साली फ्रेंच गणिती फर्मानं मानून टाकलं की अख्खं घराणंच मूळ संख्यांचं. १७३२ मध्ये ऑयलरनं ही सहावी फोडली: ६४१ × ६७,००,४१७.

ही फर्माला फोडता यायला हवी होती की नाही, हे आपलं जुनं भांडण. तू लगेच फर्माचा वकील होणार, ठाऊक आहे. "अरे, आकडे केवढे!" कसले केवढे? हिचा मूळ विभाजक चौसष्टच्या पटीत एक मिळवूनच येतो, आणि हे निघतं फर्माच्याच प्रमेयातून (मूळ संख्या p नं भाग न जाणाऱ्या संख्येचा p−१ वा घात p नं भागला, की बाकी १ उरते). मग १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा भागाकार, खेळ खलास! त्यातला २५७ याच घराण्यातला भाऊबंद, आणि घराण्यातल्या दोघींना सामाईक विभाजक नसतो, म्हणून सोडला तर चौथाच. किंवा त्याच प्रमेयानं ३ घे, बत्तीस वेळा वर्ग करून दर वेळी या संख्येनं भागून बाकी काढ. शेवटी १ येत नाही, म्हणजे संख्या मूळ नाही. २ मात्र घेऊ नकोस, तिथं नेमकी १ च येते आणि बया मूळ असल्याचं सोंग आणते. मला तर वर्गांची गंमत जास्त आवडते: ६५५३६² + १² हीच, आणि ६२२६४² + २०४४९² हीसुद्धा हीच. मूळ संख्येला असं दोन तऱ्हांनी जमत नाही. (कर गुणाकार, तुझा विश्वास बसणार नाहीच.)

तर पुढे एकही मूळ नसावी, असं मी वर्गात म्हटलं, आणि पोरगी म्हणाली, "सर, पाचांवरून फर्मा फसला. मग पुढे एकही मूळ नसावी, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

मी म्हटलं, या सहावीपासून सलग २८ संयुक्त निघाल्यात. शिवाय दर पायरीला अंक दुप्पट होतात, मूळ निघण्याची शक्यता साधारण निम्मी होत जाते. "पण शक्यता म्हणजे सिद्धता नाही, असं तुम्हीच सांगता ना?" झालं! वर्ग हसला. माझी झोप उडालीय ती तेव्हापासून. तेहतिसाव्या पायरीवर बसून मी फर्माचीच री ओढतोय, फक्त उलट्या बाजूनं? का शक्यतेचा तो हिशेब हाताशी असला की अंदाजाला थोडं वजन येतं? फर्माकडे तो नव्हता, हे खरं. पण हे तुझंच वाक्य झालं, आणि ते तुला फुकट द्यायची माझी तयारी नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिरंजीवांचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार. सोमवारी त्याच वर्गावर तास आहे, त्याआधी दोन ओळी तरी खरड. वकिली नको, उत्तर हवंय.

तुझा,
बंडू