डोंगरावरची बाळे आणि वजनाचा तक्ता

महोदय,

समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीमागे नवजात बाळाचे वजन सरासरी सुमारे १०० ग्रॅमने घटते. आईच्या खाण्यापिण्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे. पण विरळ हवेत प्राणवायू कमी मिळतो, शिवाय गर्भाला पोसणाऱ्या वारेकडे जाणारे रक्तही पुरेसे वाढत नाही. पिढ्यान्‌पिढ्या उंचावर राहिलेल्या तिबेटी आणि अँडीजमधील मातांच्या बाळांत ही घट कमी दिसते, हे विशेष.

जागतिक आरोग्य संघटनेचे २००६चे वाढीचे तक्ते (कोणत्या वयात मुलाचे वजन-उंची किती असावी हे सांगणारे) मात्र १५०० मीटरखालच्या मुलांवर बेतलेले. म्हणून डोंगरासाठी वेगळा, सैल (कमी वजनही चालवून घेणारा) तक्ता करावा, असे कोणी म्हणेल; ते मला पटत नाही. खरोखर खुरटलेली बाळे त्यात नजरेआड होतील. त्यापेक्षा तिथल्या गरोदर मातांची सोनोग्राफी आणि रक्तदाबाची तपासणी वेळेवर व्हावी.

– एक वाचक