बॉस्टनच्या त्या शिपायांचं वकीलपत्र

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत बॉस्टनच्या गोळीबारावर, म्हणजे अमेरिकेत इंग्रजांचं राज्य असताना इंग्रज शिपायांनी बॉस्टनच्या लोकांवर झाडलेल्या गोळ्यांवर, लेख आला होता. चांगला होता, पण मेलेल्यांची अंत्ययात्रा निघाली तिथेच संपला आणि पुढच्या खटल्यावर जेमतेम दोन ओळी. मी इंदूरला कोर्टात तीस वर्षं वकिली करतोय, माझ्यासाठी खरी गोष्ट त्या दोन ओळींमधे आहे.

५ मार्च १७७० ची रात्र, रस्त्यावर बर्फ, किंग स्ट्रीटवर कस्टम हाऊससमोर एकटा पहारेकरी. एका पोराशी बाचाबाची झाली, त्याने पोराला बंदुकीचा फटका दिला, मग लोक जमले, आग लागल्यासारख्या घंटा वाजल्या, कॅप्टन प्रेस्टन कुमक घेऊन आला आणि बर्फाचे गोळे, काठ्या, शिव्या, धक्काबुक्की या सगळ्यात गोळ्या सुटल्या. पाच माणसं गेली. त्यातला क्रिस्पस अ‍ॅटक्स खलाशी होता, काळ्या आणि मूळनिवासी वंशाचा, आणि सॅम्युअल मॅव्हरिक फक्त १७ वर्षांचा. राग काही एका रात्रीचा नव्हता हो, १७६८ पासून गावात फौज बसवलेली, ब्रिटनहून येणाऱ्या मालावर टाउनशेंड या इंग्रज मंत्र्याने आणलेले कर, वर हे शिपाई सुट्टीत कमी मजुरीत कामं धरायचे म्हणून दोराच्या कारखान्यात तीनच दिवस आधी मारामारी झालेली, आणि त्याच्याही आधी फेब्रुवारीत क्रिस्टोफर सायडर नावाचा अकराएक वर्षांचा मुलगा गोळीने मेलेला. अशा गावात आठ शिपाई आणि एक कॅप्टन खुनाच्या आरोपाखाली उभे. त्यांची केस कोण घेणार?

जॉन अ‍ॅडम्सने घेतली. वय ३४, स्वतः इंग्रजांच्या करांविरुद्ध लिहिणारा, इंग्रजविरोधी चळवळीचा पुढारी सॅम्युअल अ‍ॅडम्स याच्या नात्यातला. बरोबर तरुण जोसाया क्विन्सी, ज्याला वडिलांनी रागाने पत्र लिहिलं की हे काय ऐकतोय मी, आणि त्याचाच सख्खा भाऊ सॅम्युअल क्विन्सी सरकारी बाजूने उभा! घरात जेवताना काय बोलत असतील हे लोक, असं माझ्या मनात नेहमी येतं.

तुम्ही लेखाबरोबर छापलं ते पॉल रेव्हियरचं चित्र. त्यात शिपाई एका रांगेत, कॅप्टन मागे तलवार उगारून हुकूम देतोय, कस्टम हाऊसवर चक्क ‘कसाईखाना’ अशी पाटी. ते चित्र घटनेनंतर महिन्याच्या आत विकायला आलं आणि गावाने तेच खरं मानलं. कोर्टात मात्र हुकूम दिला की नाही यावर साक्षीदार एकमेकांत जुळेनात, म्हणून प्रेस्टन सुटला. शिपायांच्या खटल्यात सगळ्यात मोठी साक्ष मेलेल्या माणसाची होती. पॅट्रिक कार हा आयरिश, गोळी लागल्यावर काही दिवस जगला आणि डॉक्टरला सांगून गेला की आयर्लंडमधे मी फौजेने जमावावर गोळ्या घातलेल्या पाहिल्यात पण इतकं सहन केलेलं कधी पाहिलं नाही, मला मारणाऱ्यावर माझा राग नाही. आपण ज्याला मृत्युपूर्व जबाब म्हणतो तोच हा. ज्युरीत खुद्द बॉस्टनचा कोणी नव्हता. सहा शिपाई निर्दोष सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दल अंगठ्यावर डाग देऊन सोडलं.

अ‍ॅडम्सचं सगळंच मला पटत नाही. जमावाला त्याने काळे, आयरिश, खलाशी असं हिणवून बोललं आणि बराचसा दोष मेलेल्या अ‍ॅटक्सवर टाकला. ते वाईटच होतं, मी असतो तर तसं आर्ग्यू केलं नसतं. पण वकीलपत्र घेतलं ते बरोबर. आणि त्याने अमेरिकेची स्वातंत्र्याची क्रांती थांबली का? नाही. दरवर्षी ५ मार्चला बॉस्टनमधे भाषणं होत राहिली, १७७३ ला करांच्या रागात लोकांनी जहाजावरचा चहा समुद्रात फेकला, आणि हाच अ‍ॅडम्स पुढे देशाचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. लोकांनी त्याला गद्दार ठरवून टाकलं नाही.

आपल्याकडे त्याच काळातले रामशास्त्री सगळ्यांना पाठ आहेत, नारायणरावांच्या खुनात राघोबादादांनाही न सोडणारे. पण रामशास्त्री न्यायाधीश होते, आणि आरोपीच्या बाजूला उभं राहणाऱ्याची गोष्ट आपण मुलांना फारशी सांगत नाही असं मला वाटतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं की आमच्या बारमधे, म्हणजे वकिलांच्या संघटनेत, परत एकदा चर्चा चालू आहे की एका केसमधे आरोपीचं वकीलपत्र कोणीच घेऊ नये असा ठराव करायचा. गुन्हा भयंकर आहे, माझ्याही घरात मुली आहेत, राग मलाही आहे. पण राज्यघटनेच्या कलम २२ मधे वकील मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे आणि सुप्रीम कोर्टाने २०१० मधेच असे ठराव रद्दबातल ठरवलेत. परवा त्या आरोपीची आई फाईल घेऊन बाररूमच्या दारात दीड तास उभी होती, तिला कोणी बस सुद्धा म्हटलं नाही, शेवटी मीच खुर्ची दिली.

मीटिंग सोमवारी आहे. मी तिथे उभा राहून हेच बोलणार आहे. रविवारच्या अंकात हे पत्र आलं तर चार जण तरी वाचून येतील.

आपला,
एक वकील वाचक
रामबाग, इंदूर