बाबा, आता रेकॉर्डिंग नका पाठवू

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर गप्प होते कारण बोलताना रडू आलं असतं, म्हणून लिहितेय. आई, तू बाबांना वाचून दाखव.

युनिव्हर्सिटीच्या समान संधी कक्षात मी नाव नोंदवलंय. यूडीआयडी कार्डाची, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राची झेरॉक्स दिली, या सेमिस्टरला रायटर घेणार, मी सांगेन ते उत्तर लिहिणारा. आई, लगेच पदर डोळ्याला लावू नकोस गं. दहावीला तू नको म्हणालीस ते माझ्याच काळजीने, मला कळतं. पण हे उपकार नाहीत, २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यातच आहे, हक्काने मिळतं. तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला अख्खा एक तास. मागच्या वेळी सगळं येत होतं तरी शेवटचे दोन प्रश्न राहिले, पेपर नाकाला लावून वाचण्यातच वेळ गेला. तुम्हाला मात्र पेपर अवघड होता म्हणून सांगितलं. खोटं बोलले, सॉरी.

आता बाबा, रागावू नका हं. लॅपटॉपवर एनव्हीडीए टाकलंय, ते स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतं, फुकट आहे. पुस्तकं सुगम्य पुस्तकालयातून घेते, ती आमच्यासारख्यांसाठीची ऑनलाइन लायब्ररी आहे, तिथे नसलं तर कक्षातल्या मॅडम स्कॅन करून देतात. त्यामुळे आता पुस्तकं वाचून रेकॉर्डिंग नका पाठवू. त्या मशीनला तुमची सर नाही, मराठी तर फारच कोरडं वाचतं. तुमची एकही फाइल डिलीट केलेली नाही. 'पान उलटतोय हं बाळा' म्हणता, मागे कुकरची शिट्टी होते, तुम्ही थांबता आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचता. झोप येत नाही तेव्हा तेच लावते, लहानपणी तुमच्या पोटावर डोकं ठेवून गोष्ट ऐकायचे तसं वाटतं.

पण माझ्या परीक्षेसाठी तुम्ही मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललंत, दोन दोन चष्मे बदलून वाचत बसता, हे आईने सांगितल्यापासून मला घास जात नाहीये.

माझी काळजी नको. मेसच्या पोळ्या मऊ असतात, वरणही बरं असतं. अंधार पडल्यावर एकटी बाहेर पडत नाही, काठी घेतेच. बसचा नंबर दिसत नाही तर विचारते, लोक हात धरून चढवतात.

तर बाबा, याच आठवड्यात डॉक्टरांकडून तारीख घ्या. आई, तू सोबत जा, हे एकटे गेले तर नुसते चष्म्याचा नंबर काढून येतील. शुगरचे रिपोर्ट न्या. ऑपरेशननंतर ड्रॉप वेळेवर, डोळा चोळायचा नाही. तारीख मिळाली की मिस कॉल द्या, मी लगेच करते.

तुमची,
छकुली