वाडे विकले जावेत, पण अटी घालून

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या गल्लीत गेल्या महिन्यात आणखी एका वाड्याची दर्शनी बाजू उतरवली गेली. ‘उतरवली’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरते आहे, कारण वाड्यासमोर जेसीबी उभा राहण्याच्या पुष्कळ आधी जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन गेलेला असतो. देवडीचे दार, पहिल्या मजल्याचे कोरीव खांब, तुळयांखालचे पोपट नि हत्ती, सज्ज्याचा कठडा असे सारे खडूने आकडे घालून सुटे केले जाते, गोणपाटात गुंडाळले जाते आणि दोन दिवसांत टेम्पोतून निघून जाते. मागे ज्या विटा आणि जी माती उरते, तिला मग ‘प्लॉट’ म्हणतात.

हे मी दुरून पाहिलेले नाही. आमच्या स्वतःच्या वाड्याचा अर्धा भाग सतरा वर्षांपूर्वी असाच गेला. सासऱ्यांच्या पश्चात नऊ वारस झाले, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नऊ नावे चढली, त्यांतली चार माणसे पुण्या-मुंबईत आणि एक परदेशात. छप्पर गळत होते. दुरुस्तीचा खर्च कोणी किती उचलायचा या चर्चेत दोन पावसाळे गेले आणि अखेर चौकापलीकडचा भाग विकून मोकळे व्हायचे ठरले. व्यापाऱ्याने वलसाडी सागाचे पैसे एका दुपारी मोजून दिले. त्या दिवशी आम्हा सर्वांना सुटल्यासारखे वाटले होते, हे मला कबूल केले पाहिजे. आज त्या जागी खाली चार गाळे आणि वर एका कापड व्यापाऱ्याचे गोदाम आहे. रात्री आठनंतर त्या बाजूला एकही दिवा लागत नाही आणि गौरीच्या हळदीकुंकवाला बोलवायला तिकडे एकही घर उरलेले नाही.

हा विषय आज पत्रातून मांडण्याचे कारण असे की, गेल्या हिवाळ्यात पाच महिने मी मुलाकडे अमेरिकेच्या दक्षिण भागातील सव्हाना या शहरात राहिले. जॉर्जिया राज्यातील हे बंदराचे शहर १७३३ साली जेम्स ऑगलथॉर्प यांनी वसवले. बडोदे कायमचे गायकवाडांकडे आले ते त्याच्या पुढच्याच वर्षी. सव्हानाची आखणी करताना ऑगलथॉर्प यांनी एक नमुना ठरवला आणि पुढे शतकाहून अधिक काळ तोच नमुना गिरवत शहर वाढत गेले. मध्ये एक मोकळा चौक, त्याच्या उत्तरेला व दक्षिणेला दहा-दहा घरांचे चार गट, प्रत्येक घराला ६० फूट रुंद व ९० फूट खोल जागा, आणि पूर्व-पश्चिमेला चर्च किंवा सार्वजनिक इमारतींसाठी चार मोठे भूखंड, असा एक वॉर्ड होतो. असे २४ चौक झाले, त्यांतले २२ आज आहेत. ओकच्या जुन्या झाडांखालच्या त्या बाकांवर बसले की मला सारखी आपली पोळ, म्हणजे जुन्या शहरातील गल्लीभोवतीची दाट वस्ती, आठवे. पोळ आत वळलेली असते, तिला एक दरवाजा असतो, चबुतरा असतो, देऊळ असते. तिथला चौक चारी दिशांना उघडा आहे. पण कोणाच्याही उताऱ्यावर नसलेली आणि तरी प्रत्येकाचे लक्ष असलेली जागा दोन्हीकडे मधोमध आहे, आणि घरे तिच्याभोवती उभी आहेत.

हे शहर आपोआप टिकले नाही. १९५४ मध्ये तेथील जुनी मंडई पाडून एका चौकावर मोटारींसाठी बहुमजली वाहनतळ बांधला गेला. त्याच सुमारास १८२० साली बांधलेले डॅव्हेनपोर्ट हाउस हे घर, ज्यात तोवर खोल्या-खोल्यांतून अनेक भाडेकरू कुटुंबे राहू लागली होती, तेही वाहनतळाच्या जागेसाठी पाडले जाणार होते. तेव्हा १९५५ मध्ये सात स्त्रियांनी एकत्र येऊन २२,५०० डॉलर उभे केले आणि ते घर विकत घेतले. त्यातून हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. मंडईच्या जागेवरचा तो वाहनतळ पुढे पन्नासेक वर्षांनी पाडावा लागला, गाड्या जमिनीखाली गेल्या आणि २०१० मध्ये वर पुन्हा चौक झाला. एका चुकीच्या बांधकामाची ही किंमत आपल्या नगरसेवकांनीही लक्षात घ्यावी.

मला अधिक जवळची वाटली ती विटांची गोष्ट. तिथल्या जुन्या घरांच्या राखाडी विटा शहराबाहेरच्या हर्मिटेज नावाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्या माणसांच्या हातांनी घडल्या. विसाव्या शतकाच्या मध्याला नव्या उपनगरांतील बंगल्यांसाठी या विटांना इतकी मागणी आली की, उभ्या घराहून त्याच्या विटा महाग झाल्या, आणि लोक विटांसाठी घरे पाडू लागले. ऑगलथॉर्प अव्हेन्यूवरील मार्शल रो ही घरांची रांग अशीच विटांच्या भावाने विकली गेली होती; फाउंडेशनचे ली ॲडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती परत विकत घेतली, म्हणून ती राहिली. हे वाचताना मला आमच्या चौकातील खडूचे आकडे दिसत होते.

सर्वच घरांचे संग्रहालय करायचे तर कुबेराचा खजिनाही पुरणार नाही, हे त्या मंडळींना लवकर उमगले. म्हणून त्यांनी फिरता निधी उभारला. पडीक घर संस्थेने विकत घ्यायचे, फार तर छप्पर व पाया सावरायचा, आणि ते लगेच अशा माणसाला विकायचे, जो ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करील आणि ज्याच्या खरेदीखतातच अट असेल की घर पाडता येणार नाही आणि त्याचे दर्शनी रूप संस्थेच्या संमतीवाचून बदलता येणार नाही. ही अट त्या माणसापुरती नसते. पुढे घर दहा वेळा विकले गेले तरी ती खताबरोबर चालत राहते. आलेल्या पैशातून पुढचे घर घ्यायचे. या पद्धतीने त्या एका संस्थेने आजवर ४०० हून अधिक इमारती वाचवल्या आहेत. शेजारच्या चार्ल्सटन शहराने तर १९३१ मध्येच कायद्याने जुना भाग राखीव ठरवून बांधकामावर देखरेख करणारे मंडळ नेमले होते. पण कायदा पाडकाम थांबवतो. गळक्या घराला धनी मिळवून देण्याचे काम तो करीत नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की, मी परदेशाचे कौतुक सांगायला बसले आहे. तसे नाही. मुलाच्या घराजवळच्या चौकात एका बाकावर रविवारी एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई भेटत. त्यांचे बालपण त्या चौकामागच्या बोळात, एका मोठ्या घराच्या तबेल्यावरील दोन खोल्यांत गेले होते. आता त्या बसने अर्धा तास प्रवास करून केवळ चर्चसाठी येतात, कारण त्या दोन खोल्यांचे भाडे त्यांच्या कुटुंबातील कोणालाही परवडणारे नाही. तिथे आता पर्यटक दोन-दोन रात्री राहून जातात. घरे सावरली, भाव चढले, आणि जी गरीब भाडेकरू कुटुंबे पडीक काळात त्या घरांतून राहिली होती, त्यांतली कितीतरी बाहेर गेली. ली ॲडलर यांनाच पुढे याची टोचणी लागली असावी. कारण १९७४ मध्ये त्यांनी शेजारच्या व्हिक्टोरियन डिस्ट्रिक्टमध्ये आणखी एक संस्था काढून, असलेल्या भाडेकरूंना न हलवता ६०० घरे दुरुस्त करण्याचे उद्दिष्ट ठेवले. आज शहराने असाही नियम केला आहे की, ऐतिहासिक भागातील वॉर्डांत जिथे मालक स्वतः राहत नाही अशी पर्यटकांना भाड्याने दिली जाणारी घरे २० टक्क्यांवर जाऊ नयेत. आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकाला, शेजारचे भाव कितीही चढले तरी, करासाठी धरलेले घराचे मूल्य गोठवून घेण्याची सवलत मिळते.

बडोद्याच्या बाबतीत माझे म्हणणे यातूनच निघते. आपल्याकडे वारसा म्हटला की डोळ्यांसमोर लक्ष्मीविलास राजवाडा, न्यायमंदिर, मांडवी आणि भाऊ तांबेकरांचा वाडा येतो. तांबेकर वाड्याला पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे आणि त्याच्या भित्तिचित्रांपुढे उभे राहिले की मन भरून येते; पण तिथे संध्याकाळी देवापुढे दिवा लावणारे कोणी नाही. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा, घडियाळी पोळ येथील ज्या साध्या वाड्यांत अजून माणसे राहतात, त्यांना विचारणारे कोणी नाही. ती माणसेही जात आहेत आणि त्यांच्या जाण्याला कारणे आहेत: पोळीत मोटार शिरत नाही, म्हाताऱ्यांना जिना चढवत नाही, १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याखालील जुन्या भाड्यात कौले बदलण्याइतकेही पैसे सुटत नाहीत, आणि मुलांना वासणा-भायलीच्या नव्या सोसायटीत लिफ्ट व पार्किंग मिळते. अशांत धारा हा मालमत्तेच्या विक्रीवर निर्बंध घालणारा गुजरातचा कायदा लागू असलेल्या विभागांत विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, त्यात आणखी काळ जातो. अशा वेळी रोख पैसे घेऊन दारात उभा राहणारा पहिला माणूस लाकडाचा व्यापारी असतो आणि दुसरा गोदाम शोधणारा दुकानदार. तिसरा माणूस येतच नाही, म्हणून वाडा त्या दोघांकडे जातो.

तो तिसरा माणूस आपण उभा करावा, एवढेच माझे मागणे आहे. शहरातील मराठी व गुजराती संस्थांनी मिळून एक विश्वस्त निधी काढावा, पहिल्या वर्षी एकच वाडा रीतसर विकत घ्यावा आणि तो अटींसह पुन्हा विकावा. एका वकील स्नेह्यांनी माझ्या लक्षात आणून दिलेली एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ११ व्या कलमानुसार, पूर्ण मालकीने विकलेल्या मिळकतीचा उपभोग खरेदीदाराने कसा घ्यावा यावरची अट सहसा टिकत नाही. परंतु विक्रेत्याची दुसरी मिळकत असेल आणि तिच्या हितासाठी अट घातली असेल, तर ती अमलात आणण्याचा त्याचा हक्क शाबूत राहतो, आणि ४० व्या कलमाप्रमाणे अशी अट ठाऊक असलेल्या पुढच्या खरेदीदारालाही ती बांधते. म्हणजे निधीने प्रत्येक पोळीत एखादे घर, निदान दोन खोल्या, स्वतःकडे कायम ठेवाव्यात. त्या खोल्यांचा उजेड, वारा आणि शेजार राखण्यासाठी घातलेल्या अटी भोवतीच्या वाड्यांना लागू करता येतील, आणि त्याच खोल्यांत पोळीतील एखाद्या जुन्या भाडेकरूला परवडणाऱ्या भाड्यात राहता येईल. सव्हानात जे उशिरा सुचले, ते आपण पहिल्याच खतात लिहू शकतो: दर्शनी बाजू आणि चौक कायम राहील, तळमजल्याखेरीज कुठे गोदाम होणार नाही, आणि आज राहत असलेला भाडेकरू दुरुस्तीनंतर आपल्या खोलीत परत येईल.

महापालिकेकडून दोन गोष्टींची अपेक्षा आहे. अहमदाबादचा जुना भाग २०१७ मध्ये जागतिक वारसा शहर ठरला आणि तेथे वारसा यादीतील घराच्या मालकाला आपला न वापरलेला बांधकामहक्क नव्या भागातील बांधकामासाठी विकता येतो. तो पैसा घराच्या दुरुस्तीला उपयोगी पडतो. ही सोय आपल्या वाड्यांनाही मिळावी. शिवाय ज्या जुन्या घरात मालक किंवा भाडेकरू प्रत्यक्ष राहतो, त्याच्या घरपट्टीत स्पष्ट सूट असावी, म्हणजे गोदामापेक्षा बिऱ्हाड ठेवणे मालकाला परवडेल.

गाडी, गटार, जिना या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या नाकारून चालणार नाही. पण याच शहरासाठी १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या संस्थानाला नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी अहवाल दिला होता. जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते आरपार काढण्यापेक्षा अगदी मोडकळीस आलेली मोजकी घरे काढून हवा-उजेड आणावा, बाकीची वस्ती सांभाळावी, हीच त्या गृहस्थांची आयुष्यभराची रीत होती. पडलेल्या वाड्यांच्या जागांपैकी एखादी जागा गाळ्यांना न देता पोळीच्या वाहनांसाठी ठेवली, तर अर्धी तक्रार तिथेच मिटेल. सयाजीराव विद्यापीठाच्या स्थापत्य विभागातील विद्यार्थ्यांनी एक सुट्टी देऊन दांडिया बाजार व रावपुऱ्यातील वाड्यांची घरोघर नोंद केली, तर कोणता वाडा कोणत्या अवस्थेत आहे आणि त्यात कोण राहते याची यादी हाती येईल. निधीला पहिले काम तेच लागेल.

आमच्या वाड्याचा उरलेला अर्धा भाग अजून उभा आहे. देवडी, चौकाची एक बाजू, आणि वरचा कोरीव खांबांचा सोपा शाबूत आहे. मागच्या खोलीत चाळीस वर्षांपासून एक शिवणकाम करणारे कुटुंब राहते. हा भागही पुढेमागे विकावा लागणार आहे, कारण मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि मुलगा परत येणार नाही. व्यापाऱ्याचा निरोप दोनदा येऊन गेला आहे. वर लिहिल्याप्रमाणे निधी उभा राहिला, तर हा भाग व्यापाऱ्याने सांगितलेल्या भावापेक्षा कमी किमतीत, वरील सर्व अटींसह, निधीला देण्याची माझी तयारी आहे, आणि त्या कुटुंबाची खोली खतात नमूद व्हावी एवढीच माझी स्वतःची अट राहील. उरलेल्या वारसांपैकी तिघांची संमती मी लेखी घेतली आहे; बाकीच्यांना या आठवड्यात पत्रे पाठवीत आहे. ज्या संस्थांना किंवा वकील मंडळींना यात लक्ष घालावेसे वाटेल, त्यांनी आपल्या संपादकीय कार्यालयामार्फत मला कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे