प्रत्येक पातेल्याला त्याचा डाव

प्रिय मिल्या,

श्टुटगार्टातल्या तुमच्या भारतीय मंडळींच्या जेवणाचा भार तुझ्या गळ्यात पडला, हे वाचून आधी हसू आलं. मग पुढचं वाक्य वाचलं : 'सगळे आपलेच आहेत, जमून जाईल.' मिल्या, घोळ नेमका इथून सुरू होतो. खटका उडतो डावावरून, तारखेवरून, माइकवरून. त्याला राज्याचं नाव नंतर चिकटतं. 'हे गुजराती असेच', 'ते बंगाली तसेच', आणि आपल्याबद्दल 'मराठी लोक कोपऱ्यात घोळका करून बसतात'. (यात तथ्य आहे, हे तूही जाणतोस.)

आधी तारीख बदल. तू धरलेला शनिवार नवरात्रातला आहे. त्या दिवसांत बऱ्याच गुजराती घरी उपास असतात आणि बंगाल्यांची दुर्गापूजा ऐन भरात असते. त्यांना भोगाच्या खिचडीइतकंच मासे-मटणही सणाचं वाटतं. देवी एकच, पण ताटं जुळायची नाहीत. कोजागिरीनंतरचा शनिवार घे. खुद्द कोजागिरीचा दिवस नको, त्या संध्याकाळी बंगाली घरांत लक्ष्मीपूजा असते.

दिवाळीही सगळ्यांची सारखी नसते. तमिळ घरी नरकचतुर्दशीच्या पहाटेचं तेल लावून केलेलं स्नान महत्त्वाचं, बंगाल्यांची अमावास्येच्या रात्री कालीपूजा, गुजरात्यांचं पाडव्याला नवं वर्ष. मल्याळी लोकांचा मोठा सण ओणम, तो तोवर होऊन गेलेला असतो. 'मल्याळी फटकून राहतात' असं कुणी म्हणालं, तर ओणमला आपल्यातले किती जण गेले होते, एवढंच विचार.

नावं लिहून घेताना आडनावाचा रकाना ठेवू नकोस. पुष्कळ तमिळ माणसांना आडनाव नसतंच. आधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आणि मग स्वतःचं नाव, एवढंच. जर्मन अर्जात आडनावाची जागा भरावीच लागते, म्हणून तिथे वडिलांचं नाव जातं आणि मग सगळे त्याला वडिलांच्याच नावानं हाक मारतात. तेलुगू लोकांत घराण्याचं नाव आधी येतं. शिवाय आडनाव विचारणं म्हणजे जात विचारणं, असं अनेकांना वाटतं, आणि ते उगाच वाटत नाही. 'हाक कुठल्या नावानं मारू?' आणि 'घरचे किती जण?' एवढ्यावर भागतं.

आता स्वयंपाक. इथे मी जरा लांबण लावणार आहे. साठ माणसं, अठरा घरं. 'आपापल्या आवडीचं आणा' म्हटलंस की लेमन राइस, पुलाव, बिशी बेळे भात, बिर्याणी आणि मसालेभात असे पाच भात येतील आणि पोळी एकही येणार नाही. म्हणून आधी जागा वाटून दे : भात दोनच, दोन्ही मिळून साडेतीन किलो तांदळाचे, आमटी-डाळीला दीड किलो डाळ, बाकीच्यांनी भाज्या, पोळ्या-पुऱ्या, कोशिंबिरी, गोड. प्रत्येक भाजी साठ जणांना अर्धा डाव पुरेल अशी, म्हणजे शिजलेली चार किलोच्या आसपास. हा आकडा लिहून दे. नाही तर लोक घरच्या अंदाजानं पंधरा जणांपुरतं करतात आणि रांगेच्या शेवटी उभे असलेले 'अमुक लोक हात आखडतात' म्हणत घरी जातात.

टेबलं तीन मांड. दारापाशी जैनांचं : कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा काही नाही. मग शाकाहारी, आणि पलीकडच्या भिंतीला मांसाहारी. अंडं शाकाहारी टेबलावर नको. जर्मनीत शाकाहारी म्हणून मिळणाऱ्या केकमध्ये ते बहुधा असतं. प्रत्येक पातेल्याचा डाव सुतळीनं कानाला बांधून टाक. चिकन वाढून घेतलेला माणूस पुन्हा डाळीकडे येतो आणि हातातलाच डाव बुडवतो, चूक इथे होते. पहिली वीस मिनिटं कुणाला तरी तिथे उभं कर. ओव्हन एकच असेल तर शाकाहारी वरच्या कप्प्यात ठेव, कारण रस्सा सांडतो तो खाली. कबाब तळलेल्या तेलात पुऱ्या तळायच्या नाहीत, हे आधीच सांगून ठेव.

चिठ्ठीवर पदार्थाच्या नावाखाली घटकही लिहायचे. आपली खोड म्हणजे दाण्याचं कूट : कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, साबुदाण्याच्या खिचडीत, सगळीकडे. युरोपीय संघानं ठरवलेल्या 14 अ‍ॅलर्जीकारक घटकांत शेंगदाणे, तीळ आणि मोहरी तिन्ही आहेत, म्हणजे आपली फोडणीसुद्धा आली. बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. ज्याला गहू चालत नाही त्याला साधं वरणही बाधेल.

बंगाली आणि ओडिया दोघांनीही रसगुल्ले आणले, तर शेजारी ठेव आणि 'मूळचा कुणाचा?' हा प्रश्न काढू नकोस. बंगालला 2017 मध्ये आणि ओडिशाला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, दोघांकडे कागद आहेत.

भाषेचं म्हणशील तर सूचना इंग्रजीतच दे. 'हिंदी तर सगळ्यांना येते' हे वाक्य तमिळ माणसासमोर टाळ. 1965 साली त्यांच्याकडे हिंदीसक्तीविरुद्ध रान पेटलं होतं. 'साउथ इंडियन ग्रुप' असा एकच गटही पाडू नकोस, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चार वेगळ्या भाषा आहेत. मंचावर प्रत्येक गटाला सहा मिनिटं, क्रम चिठ्ठ्या टाकून. 'अण्णा', 'भैया', 'गुज्जू' ही नावं आपल्याकडच्याच तोंडून निघतात, आणि तीही मराठीत, कुणाला कळणार नाही अशा समजुतीनं. कळतं.

एक बारीक गोष्ट आपल्या 'बघू'ची. आपल्यात 'बघू' म्हणजे बहुतेक नाही. पंजाबी यजमान त्याला होकार समजतो आणि तुझं ताट वाढून वाट बघत बसतो. यायचं नसेल तर नाही म्हणून मोकळा हो.

कार्यक्रम बाहेरच्यांनाही खुला असेल तर गाण्यांसाठी गेमाकडे, म्हणजे संगीताच्या हक्कांचं शुल्क घेणाऱ्या जर्मन संस्थेकडे, आधी नोंद कर. दिवे आणि धूप लावण्यापूर्वी हॉलवाल्याला विचार, धुराचा अलार्म कापूर आणि आग यांत फरक करत नाही. दहानंतर ढोल बंद. झाडून-पुसून देण्याची पाळी आधीच लावून ठेव, दोन-दोन घरांची जोडी, आणि दोन्ही एकाच राज्यातली नकोत. पहिल्या जोडीत तुझं नाव टाक.

तुझा,
श्रीपाद