आखाजीच्या सुटीत स्लॅबला पाणी देणाऱ्या नानांना

नाना, राम राम.

पत्र तुमच्या नावानं आहे, पण उघड्यावर लिहितोय, कारण घर बांधायला काढलेल्या बऱ्याच जणांना ते उपयोगी पडेल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, किंवा पोरांच्या मेच्या सुटीत तोरणमाळ, सापुतारा, कोकण कुठं जायचं म्हटलं की बांधकाम अर्धवट टाकून कसं जायचं, हा घोळ जळगाव-धुळ्याकडच्या प्रत्येक घरात होतो. आम्ही नकाशे काढणारी, देखरेख करणारी माणसं. जे आम्ही कागदावर लिहितो ते तुम्ही उन्हात उभं राहून करता, त्याचे हे आभार.

"जा बिनघोर, मी शे ना आठे" (मी आहे ना इथं) हे तुम्ही मालकाला म्हणता, पण वाटेल त्या दिवशी म्हणत नाही, हे आम्हाला फार आवडतं. लाइनआउटच्या, म्हणजे जमिनीवर दोरीनं आखणी करायच्या, दिवशी मालक हवाच. दोरी सरकली की कॉलम सरकतो आणि पुढं खोली कायमची तिरकी. स्लॅबची सळई बांधून झाल्यावरही तो हवा. लाइटचे पाइप, पंख्याचे बॉक्स, संडासाच्या जागेचा खड्डा, सगळ्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून घ्यायचे, कारण माल, म्हणजे काँक्रीट, पडला की ते दिसणं संपलं. वरच्या जाळीखाली खुर्च्या, म्हणजे ती उचलून धरणारे सळईचे तुकडे, आहेत का, तेही त्याच दिवशी पाहायचं. मजुरांच्या पायाखाली ती सळई दबून खाली बसली, तर टेकणाच्या वरच्या बाजूला पुढं तडा ठरलेला.

हे झालं, माल पडला, की तिसऱ्या दिवशी मालकानं निघावं आणि बाराव्या दिवशी परत यावं, हा तुमचा हिशेब. तेरावा म्हटलेलं तुम्हाला खपत नाही. सातपुड्यातले मजूर होळीच्या वेळी भोंगऱ्या बाजाराला, म्हणजे आदिवासींच्या सणाच्या बाजाराला, जातात, इकडचे आखाजीला आपापल्या गावी. साइट तशीही ओस पडणार असते. म्हणून सणाच्या दोन-तीन दिवस आधी स्लॅब टाकायचा. मजूर नसतात ते दिवस त्याला घट्ट व्हायला मिळतात. फक्त बंद साइटवर पाणी बंद होता कामा नये, आणि तिथंच तुम्ही लागता.

आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक, त्याप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी हवं. राखमिश्रित, म्हणजे पीपीसी असेल किंवा हवा गरम-कोरडी असेल तर किमान १० दिवस, आणि पीपीसीला १४ पर्यंत न्यावं अशी शिफारस. आपल्याकडं बहुतेक गोण्या पीपीसीच्या आणि एप्रिल-मेची हवा म्हणजे भट्टी, तेव्हा सरळ १४ धरायचे. तुम्ही माल दुपारी टाकूच देत नाही. लू चालू असताना वरचं पाणी उडून जातं आणि माल घट्ट होण्याआधीच केसासारख्या भेगा पडतात. पहाटे सुरुवात, ऊन चढायच्या आत शेवटचा कोपरा. मग ओलं बारदान पसरायचं, आणि माल आवळेपर्यंत नळीची धार नाही, नुसता फवारा.

दुसऱ्या दिवशी आळी, म्हणजे स्लॅबवर पाणी साठवायचे वाफे. काळ्या मातीचे बांध वाळले की भेगाळतात आणि रात्रीत पाणी निघून जातं. म्हणून तुम्ही वाळू जास्त, सिमेंट नावाला, अशा कच्च्या मालाचे बांध घालता, नंतर छिन्नीनं सहज निघतात. हजार चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे २,३५० लिटर, आणि उन्हात रोज कमी होईल तेवढं वरून घालावं लागतं. नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या वस्तीत हा हिशेब आधी न केलेला मालक सहलीतून टँकरवाल्याला फोन करत बसतो. टँकरचे पैसे तुमच्या हाती आधी ठेवून जावं, एवढंच सांगणं.

सगळ्यांच्या नजरेतून सुटतात ते कॉलम. आडव्या स्लॅबवर पाणी साचतं, उभ्या कॉलमवरून घसरतं. तुम्ही पोतं सुतळीनं चार ठिकाणी आवळून बांधता आणि दिवसातून चार-पाच वेळा भिजवता. त्या पोत्याच्या वर, उघड्या सिमेंटवर, खडूनं लिहिलेली तारीख. परवा पाहिलं, खालच्या ओळीत ओलीची रेघ आकड्यापर्यंत चढली होती, तरी तारीख वाचता येत होती. कॅमेरा लावला की झालं म्हणणाऱ्यांना आम्ही हेच सांगतो, कॅमेरा पाणी मारत नाही.

आता सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा प्लेटा-टेकूंचा साचा. प्लेटा दुसऱ्या साइटला न्यायच्या म्हणून सेंट्रिंगवाले घाई करतात, आणि मालक गावाला असला की ती वाढते. तुम्ही नकार देता तो आकड्यांवर. साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन टेकणांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. बीमखालचे सहा मीटरपर्यंत १४, पुढं २१. पीपीसी असेल तर आणखी थांबायचं. काढतानाही गाळ्याच्या मधून टेकणाकडं, आणि छज्जा-बाल्कनीला उलटं, मोकळ्या टोकापासून भिंतीकडं. हे उलटं झालं तर भार चुकीच्या जागी येतो आणि छज्जा मुळातून चिरतो. प्लेट निघाल्यावर कुठं खडी उघडी दिसली तर लगेच माल थापू न देता तुम्ही खडूचा गोल काढून फोटो पाठवता, त्याचेही वेगळे आभार.

बाकी किरकोळ गोष्टी. उरलेल्या गोण्या जमिनीपासून अर्धा फूट उंच फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. रात्री मोटरची वायर काढून घरात. सळईचे तुकडे मोजून कुलपात.

आखाजीच्या आधीचा पुढचा स्लॅब धुळ्याकडचा आहे. नवी नळी घेऊन ठेवली, पाऊण इंची, शंभर फूट. जुनी जोडावर गळत होती, ती आता कॉलमच्या पोत्यांना वापरा.

तुमचे,
नकाशावाले