शायेनच्या गुरांच्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

जुलैअखेर आम्ही डेन्व्हरहून वायोमिंग राज्यातल्या शायेनला निघालो, तेव्हा रोडिओ, म्हणजे उसळत्या घोड्यांवरच्या स्वारीच्या आणि वासरांना फास टाकण्याच्या स्पर्धा, म्हटले की धूळ, आरडाओरडा आणि मोठ्या टोप्या एवढीच आमची कल्पना होती. एका परिचितांकडून तुमचा क्रमांक मिळाला आणि कधी पाहिलेही नसलेल्या आम्हा चौघांसाठी तुम्ही ऐन धावपळीतला शनिवार-रविवार मोकळा ठेवलात. त्याबद्दलचे आभार दूरध्वनीवर मानून झाले आहेत. तरीही, भारतातून आई-वडील आले की अशी सहल आखणाऱ्या इतर मराठी कुटुंबांनाही त्यातले काही कळावे, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. तुमच्या इच्छेनुसार नाव घातलेले नाही.

शायेनचा हा रोडिओ-उत्सव, ‘फ्रंटियर डेज’, 1897 पासून भरतो, हे तिकिटासोबतच्या कागदावरही होते. मैदानात नेमके काय पाहायचे, हे मात्र तुम्ही शेजारी बसून सांगितलेत म्हणून कळले. उसळत्या घोड्यावर आठ सेकंद टिकणे हा अर्धाच भाग असतो. शंभरापैकी निम्मे गुण जनावराच्या उसळीला असतात आणि घोडा नीट उसळला नाही तर पंच स्वाराला दुसरा घोडा देऊ शकतात, हे समजल्यावर आमची नजर स्वारावरून घोड्याकडे वळली. वायोमिंगच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 1936 पासून उसळता घोडा आणि त्याचा स्वार का आहे, याचे कोडेही तिथेच सुटले. माझे सासरे, म्हणजे अण्णा, यांनी सांगोल्याकडे जन्मभर खिलार बैल सांभाळले आहेत. वासराला फास पडल्यावर स्वार खाली उडी घेतो आणि त्याचा घोडा कोणी न सांगता एकेक पाऊल मागे सरत दोर ताणून धरतो, हे पाहिल्यावर अण्णांनी स्वारांकडे जवळजवळ पाहिलेच नाही. ‘‘बक्षीस ह्या घोड्याला द्या,’’ असे ते मोठ्याने म्हणाले. पुढच्या रांगेतल्या लोकांना तुम्ही ते इंग्रजीत सांगितलेत, तेव्हा त्यांनी मागे वळून टोप्या उंचावल्या.

खरे आभार आहेत ते यापुढच्या गोष्टीबद्दल. आमच्याकडे बैलगाडा शर्यतींवरून वर्षानुवर्षे वाद झाला, बंदी आली, 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्यामुळे जनावरांच्या हालांचा प्रश्न अण्णा विचारणारच होते. घोड्याला अवघड जागी आवळून उसळवतात, असे त्यांनी ऐकले होते. तुम्ही वाद न घालता गाडीतून तो पट्टा काढून त्यांच्या हातात दिलात. आतून लोकरीचे मऊ अस्तर, एका झटक्यात सुटणारी कडी आणि बांधण्याची जागा बरगड्यांच्या मागे, मागच्या मांड्यांच्या पुढे. अण्णांनी तो दोन बोटांत दाबून पाहिला, स्वतःच्या मनगटाला आवळून पाहिला आणि परत केला. पट्ट्याने जखम होत नाही. पण तो जनावराला खुपतो, म्हणूनच ते लाथा झाडते, असे तुम्ही स्पष्ट सांगितलेत. वासरांना फास टाकण्याची स्पर्धा पाहणे मात्र तुम्हाला स्वतःला जड जाते आणि पहिले वासरू पाहून झाल्यावर तुम्ही कॉफीच्या निमित्ताने उठला होतात, हेही लपवले नाही. उघड्या माळावर आजारी वासरू धरायला आजही दोरच लागतो, हे त्याच दमात सांगितलेत. गुरांच्या डॉक्टरांनी दोन्ही बाजू इतक्या सरळ मांडल्या, म्हणून अण्णांना सगळे पटले नाही तरी तुमच्यावर त्यांचा विश्वास बसला. बचाव करणारा माणूस भेटला असता तर ते दुसऱ्या दिवशी रँचवर, म्हणजे गुरे पाळण्याच्या मोठ्या कुरणावर, आलेच नसते, असे मला अजूनही वाटते.

रँचवर तुम्ही आमची लाजही राखलीत. मालकाशी हस्तांदोलन होताच अण्णांनी विचारले, ‘‘जनावरं किती आहेत?’’ तुम्ही शांतपणे इंग्रजीत यंदाच्या पावसाची आणि गवताची चौकशी केलीत आणि तो गृहस्थ खुलून अर्धा तास बोलला. तिकडे गुरांची संख्या विचारणे म्हणजे बँकेतली शिल्लक विचारणे, हे आम्हाला परतीच्या वाटेवर कळले! एका गाय-वासराला वर्षभर चरायला काही भागांत तीस-तीस एकर लागतात, हे ऐकल्यावर मात्र अण्णा बराच वेळ कुंपणापाशी उभे राहिले. गुरांच्या अंगावरच्या डागणीच्या खुणेची राज्याकडे नोंद असते आणि विक्रीच्या वेळी निरीक्षक ती तपासतो, हा भाग त्यांनी मला दोनदा समजावून सांगायला लावला.

बाकी किरकोळ गोष्टींतही तुमचा सल्ला कामी आला. शायेन सहा हजार फुटांवर असल्यामुळे अण्णांना पाणी पाजत राहा, दुपारच्या गारांसाठी गाडीत चादर ठेवा, हे सांगितले नसते तर आमची फजिती ठरलेली होती. गावातली पॅनकेकची फुकट न्याहारी सोमवार, बुधवार आणि शुक्रवारीच असते. जाणाऱ्यांनी शुक्रवारी सकाळीच पोहोचावे.

अण्णा आता सांगोल्याला परतले आहेत. त्यांचा एक प्रश्न राहून गेला आहे: बर्फ पडत असताना माळावर गाय व्याली, तर वासरू थंडीने कडक होण्याआधी तुम्ही काय करता? माझ्याकडून त्यांना उत्तर नको आहे, तुमच्याकडूनच हवे आहे. सवडीने त्यांना फोन करावा, ही विनंती. ते पहाटे पाचला उठतात. तुमच्याकडे तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ असेल.

आपली कृतज्ञ,
डेन्व्हरची पाहुणी